विरजणाची हाक

आन्फिनच्या चूलघरातली तांब्याची काहील त्याच्या आजोबांनी घडवून घेतलेली. नाताळात अख्ख्या वाडीला पुरेल एवढी बिअर एका खेपेत निघावी, हा त्यांचा हिशोब. तेव्हा वाडी माणसांनी भरलेली होती. आता फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या त्या खाडीच्या, या काठावर हिवाळ्यात धूर निघणारी घरं थोडकीच उरली होती. बाकीची बेर्गन शहरातल्या लोकांनी विकत घेतली, रंगवली, नवे पडदे लावले आणि कुलपं घालून ठेवली. काहील मात्र होती तेवढीच राहिली. ती अर्धी भरून चालत नाही. कडेचं तांबं कोरडं तापतं आणि आतलं करपतं. म्हणून आन्फिन दर वेळी ती काठोकाठ भरायचा, आणि एकट्या माणसाच्या तळघरात लग्नाला पुरेल एवढी बिअर साठायची.

तो काही पिणारा माणूस नव्हता. जन्मभर फेरीबोटीवर काम केलं. गाड्या आत घ्यायच्या, चाकांना ठोकळे लावायचे, धक्का आला की दोर फेकायचा. पुढं डोंगरातून बोगदा निघाला, बोट बंद झाली आणि त्याला पेन्शन देऊन घरी पाठवलं. सोबतीच्यांपैकी कुणी गळ टाकून बसू लागलं, कुणी जुने रेडिओ उघडून बसू लागलं. आन्फिन बिअर करायचा. विकायची नाही, कुठल्या स्पर्धेला पाठवायची नाही. करायची, कारण करताना दिवस भरलेला असायचा. डोंगरउतारावरून जुनिपरच्या झुडपांच्या काटेरी फांद्या तोडून आणायच्या, त्या काहिलीत उकळायच्या, पाणी हिरवट-पिवळं झालं की ते मोड आणून भरडलेल्या सातूवर ओतायचं. मग पिंपाच्या तळाला फांद्यांचीच गाळणी करून गोड रस खाली उतरू द्यायचा. धार दोऱ्याएवढी बारीक. घाई केली की गढूळ येते. तिच्याकडं बघत नुसतं बसून राहायचं. त्याला हे बसून राहणंच सगळ्यात आवडायचं.

रस धारोष्ण दुधाइतका कोमट झाला की त्यात विरजण घालायचं. यीस्टच ते, पण दुकानातलं नव्हे. आन्फिनकडचं विरजण त्याच्या बायकोच्या, गुनवोरच्या माहेरचं. तिच्या आईनं ते आपल्या सासूकडून घेतलं होतं, त्याच्या मागचं कुणाला ठाऊक नाही. दर खेपेला वर आलेला फेस काढायचा, कागदावर पसरून वाळवायचा, त्याचे पापुद्रे बरणीत भरायचे आणि पुढच्या खेपेला तेच वापरायचं.

आणि विरजण घालताना ओरडायचं. खोऱ्याचा रिवाजच तो. पिंपावर वाकून, पोटातून, येईल तेवढ्या जोरानं. गप्प राहून घातलं तर बिअर मेंगळट होते, असं जुनी माणसं म्हणत. आन्फिनच्या घरात हे काम गुनवोरकडं होतं. अंगानं बारीक बाई, एरवी बोलायचीसुद्धा हळू. पण पिंपावर वाकली की अशी आरोळी ठोकायची की छपरावरचा बर्फ घसरावा. नदीपलीकडच्या घरात तिची थोरली बहीण ओलाउग राहायची. ती हातातलं विणकाम खाली ठेवून म्हणायची, "घातलं वाटतं."

मग दोन दिवसांनी, बिअर पिंपातून काढून लहान पिंपांत भरायची त्या संध्याकाळी, वाडी जमायची. कुणी कुणाला बोलवायचं नाही. माणसं कामावरच्या कपड्यांत यायची, चूलघरातल्या बाकांवर बसायची, अजून कोमट असलेली बिअर आधी एकाच लाकडी वाडग्यातून फिरवायची, मग पेल्यांत घ्यायची आणि तिला नावं ठेवायची. नावं ठेवण्यात ओलाउगचा हात कुणी धरत नसे.

गुनवोर गेली ती मे महिन्यात, सफरचंदाला फुलं आली होती तेव्हा. मयत झालेल्या घरानं बिअर करावी आणि मातीला आलेल्यांना ती द्यावी, हीसुद्धा तिथली रीत. आन्फिननं फांद्या आणल्या, काहील चढवली, खाली जाळ घातला. पाणी तापायला लागलं आणि त्याच्या मनात आलं, आज याच्यापुढं विरजणाची वेळ येणार. पिंपावर कोण वाकणार? तो बराच वेळ जाळाकडं बघत उभा राहिला. मग त्यानं लाकडं ओढून विझवली, गाडी काढली आणि सहकारी दुकानातून बाटल्यांचे क्रेट घेऊन आला.

चर्चमधून परत आल्यावर सगळे टेबलाशी बसले. ओलाउगनं बाटली हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दुकानातली. माझ्या बहिणीच्या मातीला दुकानातली."

आन्फिन काही बोलला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्यानंतर दोघं समोरासमोर आले तर मान हलवत, एवढंच.

शरद ऋतूत त्यानं पुन्हा काहील चढवली. विरजण घालायच्या वेळी त्यानं न ओरडता ते तसंच गुपचूप आत सोडलं. बिअर काही मेंगळट झाली नाही, चांगली झाली. खालच्या घरातला स्टाइनार आणि त्याची बायको योरुन आली, बसचा ड्रायव्हर आला. ओलाउग आली नाही. चूलघराच्या दारातून नदीपलीकडं तिच्या खिडकीतला दिवा दिसत होता. पुढच्या खेपेलाही तो तसाच दिसला, त्याच्या पुढच्याही. आन्फिननं मनाशी ठरवून टाकलं की ही बाई मरेपर्यंत राग सोडणार नाही, आणि तो दार लोटून घ्यायला लागला.

अशी वर्षं गेली. स्टाइनारच्या पायाला दुखणं लागलं, ड्रायव्हरची बदली झाली, नवा आला. मुलगी सिग्रुन ट्रॉनहाइमहून रविवारी फोन करायची. बाकीचे दिवस आन्फिन रेडिओशी बोलायचा.

एका नोव्हेंबरात लाकडांची पाटी घेऊन चूलघरात जाताना त्याचा पाय बर्फावरून सटकला. डोकं मागून उंबऱ्याच्या दगडावर आपटलं. शहरातल्या डॉक्टरांनी फोटो काढले, हाड शाबूत आहे म्हणाले. चार दिवस डोकं दुखलं आणि थांबलं. मग एका सकाळी कॉफी ओतताना त्याला वाटलं, डबा शिळा झालेला दिसतोय. नवा फोडला. त्यालाही वास नाही. तो तसाच उठून चूलघरात गेला, भरडलेल्या सातूच्या पोत्याचं तोंड सोडलं, आत तोंड घातलं आणि खोल श्वास घेतला. त्या पोत्याला कायम भाजलेल्या पावासारखा गोडसर वास यायचा. लहानपणापासून तो आन्फिनला नाताळापेक्षा मोठा वाटत आला होता. आता नाकात नुसती धूळ गेली. वाळूत तोंड खुपसावं तसं.

डॉक्टर म्हणाले, "आपटल्यावर नाकाची नस तुटते कधीकधी. बरीचशी चवही तिच्याबरोबर जाते. परत येईल, नाही येईल. तुमचं वय बघता मी आशा लावणार नाही."

आन्फिननं हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला कुणी समोर येत नव्हतं हे एक, आणि सांगितल्यावर लोक ज्या नजरेनं बघतील ती त्याला नको होती हे दुसरं. रविवारी सिग्रुननं विचारलं, "काय जेवलास बाबा?"

"मासा."

"कसा होता?"

"माशासारखा."

"बरा आहेस ना?"

"मला काय होतंय."

डिसेंबर लागल्यावर त्यानं नाताळची बिअर घातली. हात सवयीचे होते. पाणी किती तापलं ते कोपर बुडवून कळायचं, रस किती गोड ते बोटांच्या चिकटपणावरून. विरजण कामाला लागलं की पिंपाला कान लावून त्याची फसफस ऐकायची. सगळं जागेवर होतं. जागेवर नव्हतं ते फक्त पिंपाच्या तळाशी एका फळीत मुरलेलं आंबटपण, जे नाक असतं तर पिंप उघडताक्षणी समजलं असतं. पिंप धुतलं होतं, उकळत्या पाण्यानं खंगाळलं होतं. हात लावून स्वच्छ लागत होतं.

त्या संध्याकाळी स्टाइनार, योरुन आणि नवा ड्रायव्हर आले. वाडगं फिरलं. नेहमी नावं ठेवणारी माणसं त्या दिवशी गप्प होती. योरुन म्हणाली, "छान आहे." थोड्या वेळानं परत म्हणाली, "छान आहे हं." स्टाइनार दोनदा पाय मोकळे करायला म्हणून आपला पेला घेऊन बाहेर जाऊन आला, ड्रायव्हर एकदा. मग रस्ता निसरडा होईल असं म्हणून सगळे लवकरच उठले. आन्फिनला बरं वाटलं होतं. कुणी काही खोट काढली नाही, एवढी जमली म्हणायची.

सकाळी तो लाकडं आणायला शेडच्या मागं गेला. ताज्या बर्फात बुटांचे ठसे होते, आणि ठशांच्या बाजूला तपकिरी डाग. एक स्टाइनारच्या काठीच्या खुणेशेजारी, दुसरा जरा पलीकडं, तिसरा भिंतीला लागून. बर्फात खोल गेलेले आणि तसेच गोठलेले. आन्फिन हातमोजे न घातलेल्या हातांनी तिथंच उभा राहिला. मग फावडं आणून त्यानं ते डाग बर्फानं झाकले. का झाकले ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी स्टाइनार पोस्टाच्या पेटीशी भेटला.

"कशी होती काल?" आन्फिननं विचारलं.

"बिअर? चांगली होती की."

"नेहमीसारखी?"

"नेहमीसारखीच." स्टाइनार पेटीत हात घालून नसलेली पत्रं शोधत राहिला.

आन्फिननं सगळी बिअर शेणखताच्या ढिगावर ओतली. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. त्या खेपेचा फेसही त्यानं नेहमीप्रमाणं वाळवून बरणीत भरला होता, आणि बरणी फ्रीजरमध्ये जुन्या बरण्यांशेजारी ठेवली होती. बरण्यांवर त्यानं जन्मात कधी काही लिहिलं नव्हतं. झाकण उघडलं की नाक सांगायचं. आता त्याच्यासमोर एकसारख्या तीन बरण्या होत्या आणि कुठली धड, कुठली नासकी, काही कळत नव्हतं. खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडं ते विरजण उरलं नव्हतं. ओलाउगनं बिअर करणं केव्हाच सोडलेलं, स्टाइनारकडचं एकदा वीज गेली तेव्हा फ्रीजरमध्ये सडलं. सिग्रुन म्हणाली असती, पोस्टानं मागव, हल्ली पाकिटातून मिळतं. मिळत असेल. ते गुनवोरच्या घरचं नसतं.

जानेवारी, फेब्रुवारी तो बरण्यांना हात न लावता राहिला. मार्चमध्ये एके दिवशी ऊन पडलं तेव्हा त्यानं त्या मोज्यांत गुंडाळून पिशवीत भरल्या आणि पूल ओलांडून ओलाउगच्या दारात गेला.

दार वाजवल्यावर आतून आवाज आला, "उघडंच आहे. चोर असशील तर बूट काढून ये."

"आन्फिन आहे."

"मग तर नक्कीच काढ."

ओलाउगची ऐंशी उलटून गेली होती. चालायला चाकांचा आधार घ्यायची, पण खुर्चीत बसली की अजून ताठ. ती बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही. आन्फिननं बरण्या टेबलावर मांडल्या.

"वास घेऊन सांग."

"कशाचा?"

"विरजण आहे. तुमच्याकडचं. यातलं एखादं नासलंय. सगळंही नासलं असेल."

"आणि तुझ्या तोंडाच्या मधोमध आहे ते कशाला दिलंय?"

"ते गेलं."

सुरी थांबली.

"नोव्हेंबरात पडलो," आन्फिन म्हणाला. "तेव्हापासून काही येत नाही. कॉफी नाही, धूर नाही. काहीच नाही."

ओलाउगनं सुरी बटाट्यांशेजारी ठेवली. मग म्हणाली, "तरीच. नाताळात चर्चमध्ये तू माझ्या पुढच्या बाकावर होतास. मला वाटलं, या माणसानं आता स्वतःला सोडूनच दिलं. मेंढ्याचा वास मारत होतास, आन्फिन. भिजलेल्या मेंढ्याचा."

आन्फिनचे कान तापले. "मग सांगायचं नाही का?"

"आपण बोलत नाही ना."

तिनं हात पुसले आणि पहिली बरणी उघडली. नाकापर्यंत नेलीसुद्धा नाही. "व्हिनेगर," म्हणून झाकण लावून बाजूला सारली. दुसरीचा पापुद्रा बोटांवर चोळून हुंगला, तोंड वाकडं केलं. "हेही तसलंच. ढिगावर टाक, कोंबड्यांना नको देऊस." तिसरी उघडल्यावर ती डोळे मिटून बरणी नाकाशी धरून बसली. आन्फिन तिच्या तोंडाकडं बघत होता. त्याला आठवेना, एवढ्या जवळून तो कुणाच्या तोंडाकडं शेवटचं कधी बघत बसला होता.

"संत्र्याची साल," ती शेवटी म्हणाली. "आणि मागं दुधाच्या खरवडीसारखं. हे आहे. हे धड आहे."

"नक्की?"

"मी या वासात जन्मले. तू लग्न करून आलास त्यात."

आन्फिननं ती बरणी परत मोज्यात गुंडाळली. उठायला हवं होतं, पण तो उठला नाही. म्हणाला, "तू एकदाही आली नाहीस. एवढी वर्षं. मी बिअर काढायचो आणि तुझ्या खिडकीत दिवा दिसायचा."

"बोलावलंस कुठं?"

"बोलवतं कोण? कुणालाच कुणी बोलवत नाही."

"गुनवोर बोलवायची," ओलाउग म्हणाली. "नदीच्या या काठाला मला तेवढंच ऐकू यायचं. तिची हाक आली की मी दोन दिवस मोजून यायचे. ती गेल्यावर एकदाही आवाज आला नाही. मग मला दुकानात योरुन सांगणार, काल आन्फिनकडं बिअर निघाली. मी म्हटलं, त्याला मी नको असेन. त्या दिवशी टेबलाशी बोलले ते धरून बसलाय."

"मला ते ओरडता येत नाही," तो म्हणाला. "मातीच्या वेळीही मी काहील चढवली होती. मग तिथवर गेलो आणि विझवली."

"हे मला कसं कळणार? सांगितलंस का कधी?"

"तू सगळ्यांसमोर बोललीस."

"बोलले. मी बोलायला नको होतं की तू गप्प बसायला नको होतं, ते आता कोण निवडत बसणार." तिनं परत बटाटा हातात घेतला. "किटलीत कॉफी आहे. वास नसला तरी गरम लागेल."

एप्रिलमध्ये त्यांनी बिअर घातली. ओलाउगनं आल्याआल्या आन्फिनच्या पिंपात डोकं घातलं आणि तळच्या फळीवर सुरीचं टोक ठेवलं. "इथं आंबलंय. हे जाळून टाक." तिच्या गोठ्यात तिच्या बापाचं पिंप पडून होतं. वाळून त्याच्या फटींतून उजेड दिसत होता. आन्फिननं ते नदीच्या कडेला पाण्यात बुडवून दगड ठेवले; फळ्या फुगून फटी बुजेपर्यंत तो रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन बघून यायचा.

काहील चढली त्या दिवशी ओलाउग चूलघरात मेंढीचं कातडं टाकून खुर्चीवर बसली आणि बसल्या जागेवरून सगळ्याला नाक लावत राहिली. पाण्याचा वास आला, आता काढ. फांद्या कोवळ्या हव्या होत्या. धार जरा आवर. आन्फिनला गुनवोर असतानासुद्धा एवढं कुणी बोललं नव्हतं. तो "हो" म्हणत होता आणि करत होता.

रस कोमट झाला. त्यानं बरणी उघडली आणि ओलाउगकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतोस? काहील तुझी, पिंपात विरजण तू घालणार. ओरड."

आन्फिन वाकला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज आला तो मध्येच फाटला.

"मांजराच्या शेपटीवर पाय पडला का?" ओलाउग म्हणाली.

तिसऱ्यांदा तो ओरडला ते फेरीबोटीवर वादळात दोर फेकताना ओरडायचा तसं. आवाज पिंपात घुमून परत त्याच्याच तोंडावर आला. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पापुद्रे आत सोडले आणि पाठ फिरवून उगीच चुलीतली लाकडं सारखी करत राहिला.

जरा वेळानं दारात एक बाई धापा टाकत उभी राहिली. लाल रंगाच्या सुट्टीच्या घरातली, बेर्गनची, ईस्टरला आलेली. "कुणाला लागलं का? मी आवाज ऐकला."

"लागलं-बिगलं नाही," ओलाउग म्हणाली. "याचं नाक बंद पडलंय, म्हणून तोंड जास्त चालतं. परवा संध्याकाळी ये. पेला आण."

ती आली, पेला घेऊन. स्टाइनार आणि योरुनही आली. स्टाइनार दारातच घुटमळला. "आवाज ऐकला," तो म्हणाला. "म्हटलं जाऊन बघावं." वाडगं आधी ओलाउगच्या हातात गेलं. तिनं घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. सगळे थांबले होते.

"कडवट आहे," ती म्हणाली. "फांद्या म्हाताऱ्या तोडल्यास, मी सांगत होते. फेसही जरा आळशी. पण पिंपात परत ओतण्यासारखी नाही."

मग स्टाइनारनं घेतली आणि म्हणाला की गेल्या नाताळापेक्षा बरी आहे. म्हटल्यावर तो लालबुंद झाला. योरुननं त्याला कोपर मारलं. आन्फिन हसला, कित्येक दिवसांनी. त्यानंही आपला घोट घेतला. कोमटपणा, बुडबुड्यांची टोचणी, मागं थोडा कडूपणा. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू यावं आणि शब्द लागू नयेत तसं काहीतरी. पण त्या संध्याकाळी शेडच्या मागं कुणी गेलं नाही.

त्या उन्हाळ्यात ओलाउग दर गुरुवारी यायची. आन्फिन पुलापर्यंत तिला आणायला जायचा. ती आधी त्याचा फ्रीज उघडायची आणि एकेक वस्तू हुंगून बाहेर काढायची. "हे दूध मंगळवारीच मेलंय. हे काय, मासा? याला पुरून टाक." मग त्याच्या स्वेटरची बाही ओढून हुंगायची आणि म्हणायची, "चालेल," किंवा म्हणायची, "धू." आन्फिन बुधवारी रात्री आंघोळ करायला लागला. सिग्रुनला त्यानं फोनवर नाकाचं सांगितलं; ती रडली आणि रागावली, आणि स्वयंपाकघरात धुराची घंटा बसवून घ्यायला लावली.

सप्टेंबरात ओलाउग गोठ्याच्या पायरीवर पडली. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण घरी एकटीनं राहणं संपलं. तिच्या मुलानं ओलेसुंडला, आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात तिची सोय केली. सामान घेऊन जायला ती एक दिवस गाडीतून आली होती. आन्फिननं तिचा चाकांचा आधार घडी करून मागं ठेवला.

"गुरुवारचं काय?" त्यानं विचारलं.

"आता तूच बघ. शंका आली की टाकून दे." मग काच खाली करून म्हणाली, "बिअर पाठव. मी सांगेन."

नाताळच्या खेपेची पहिली बाटली त्यानं लोकरी मोज्यात घालून बसच्या ड्रायव्हरकडं दिली. ड्रायव्हर ती शहरात ओलेसुंडच्या बसवाल्याला देई, तो तिच्या मुलाला. दोन दिवसांनी फोन आला.

"मोजा धुतला होतास का?"

"का?"

"बिअरला त्याचा वास आहे. म्हणजे बाटलीला. बिअर बरी आहे. गोडाकडं झुकली. धार लवकर बंद केलीस का?"

"थंडी फार होती."

"थंडी म्हणे. बाप्याची जात."

ते बोलणं आन्फिनला पंधरवडाभर पुरलं. वसंतातही बाटली गेली, वसंतातही फोन आला. या वेळी उशिरा, आणि बोलताना ओलाउग मध्येमध्ये थांबत होती. स्टाइनारच्या पायाचं तिनं दोनदा विचारलं. पण फेस आळशी आहे हे ती विसरली नाही.

शरदातल्या खेपेला त्यानं बिअर काढायच्या आदल्या दिवशीच पिंपातून चाखायची बाटली भरून पाठवली, पण फोन आलाच नाही. बिअर काढायची वेळ झाली, संध्याकाळ झाली, तेव्हा आन्फिननंच आश्रमात फोन लावला. तिथल्या बाईनं फोन ओलाउगच्या हातात दिला.

"आन्फिन बोलतोय. बाटली मिळाली का?"

"मिळाली."

"मग?"

"छान आहे."

आन्फिननं वाट पाहिली. पलीकडं कुठंतरी ताटल्या वाजत होत्या.

"नुसती छान? कडवट नाही? फांद्या या वेळी वरच्या अंगाच्या होत्या."

"छान आहे," ओलाउग म्हणाली. आवाज गोड होता, परक्याशी बोलतात तसा. "गुनवोरला सांग, या वेळी छान जमलीय. सांगशील ना तिला?"

खिडकीतून खालच्या रस्त्यावर विजेरीचा उजेड हलताना दिसत होता. स्टाइनार आणि योरुन चढण चढून येत होती, तिचा हात त्याच्या काखेत.

"सांगतो," आन्फिन म्हणाला.

तो चूलघरात गेला आणि बाकं पुसली. दोघं आली, बसली. बेर्गनची बाई त्या शरदात आली नव्हती. ड्रायव्हरची रात्रपाळी होती.

"ओलाउगचा फोन झाला का?" स्टाइनारनं विचारलं. "काय म्हणाली?"

आन्फिन वाडगं भरत होता. "आंबट आहे म्हणाली. थोडी."

स्टाइनारनं घोट घेतला, तोंडात फिरवला. "मला नाही लागत आंबट."

"तिला लागली."

"तिला आजवर काही आवडलंय का," योरुन म्हणाली.

"नाही," आन्फिन म्हणाला. "मोज्यावरूनही बोलली."

योरुन हसली. वाडगं दोनदा फिरलं. स्टाइनारच्या पायाबद्दल बोलणं झालं, पुलाच्या दुरुस्तीबद्दल झालं. मग गारठा वाढायला लागला तशी ती दोघं उठली, कारण उतरताना स्टाइनारला वेळ लागायचा. आन्फिन त्यांना वळणापर्यंत सोडून आला. परत येऊन त्यानं पिंपावर झाकण ठेवलं, आणि बाकावर बसून आपला राहिलेला पेला संपवला. बिअर आता गार झाली होती आणि जिभेला टोचत होती. तेवढं त्याला कळत होतं.